बाजूची सीट

"पट्टा लावा," ताई म्हणाली.

गॅरंटीने पट्टा ओढला. तो सहज आला, जरा जास्तच सहज, आणि त्याच्या पोटावर सैल पडून राहिला.

"बसलात नीट?"

"मॅडम, अशा हजार गाड्यांत बसलोय मी."

"उभ्या गाड्यांत," ताई म्हणाली आणि तिने चावी फिरवली.

समोर त्याच्या यार्डाचं लांबलचक आवार होतं. दोन्ही बाजूंना धुऊनपुसून उभ्या केलेल्या जुन्या गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर 'सर्टिफाइड'. टोकाला भिंत, आणि भिंतीवर अंगठा वर केलेला त्याचाच भलामोठा फोटो. शनिवारची दुपार होती. गिऱ्हाइकं गाड्यांची दारं लावून-उघडून बघत होती, ती जागच्या जागी थांबली होती.

गॅरंटी हे काही त्याचं नाव नव्हे. पण वाक्य कोणतंही असो, तो शेवट त्याच शब्दाने करायचा. हाताखालची मंडळी म्हणायची, घरी जेवायला येतो म्हणून सांगतानाही साहेब गॅरंटी देत असतील.

क्लच. पहिला गिअर.

तो गाडीत बसला कसा, तर स्वतःच्या तोंडाने.

अर्ध्या तासापूर्वी ताई आपली पांढरी गाडी घेऊन यार्डात शिरली. ड्रायव्हिंग शाळेची गाडी, टपावर शाळेची पाटी, बाजूच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक. तेव्हा गॅरंटी एका जोडप्याला लाल गाडीची किल्ली देत होता. सोबत त्यातल्या मुलाची म्हातारी आई होती.

"या गाडीत एअरबॅग आहेत ना हो?" ताईने विचारलं. आवाज मोठा, पण गोड.

"मॅडम, तुमची केस चालू आहे ना? मग वकिलाशी..."

"केस राहू द्या. साधं विचारतेय. तुमच्याकडूनच घेतलेली गाडी."

गॅरंटीने जोडप्याकडे पाहिलं. "आहेत की. दोन्हीकडे."

"आमचा अपघात झाला तेव्हा उघडल्या नाहीत त्या."

"प्रत्येक ठोकरीला बॅग उघडत नाही. आत सेन्सर असतो, त्याला अक्कल असते. तुमची धडक कमी पडली."

"म्हणजे बॅगा अजून आतच?"

"शंभर टक्के. दिवा लागतो ना? मग झालं. गॅरंटी."

"किती वेगाने आपटली तर उघडतील?"

"धरा पन्नास."

"मग बसा बाजूला. पन्नासने भिंतीवर घालते. बॅग उघडली तर इथेच सगळ्यांची माफी मागेन आणि केस मागे घेईन."

सेल्समन हसला. गॅरंटीही हसला, पण थोडं उशिरा.

"तुमच्या पायाशी ब्रेक आहे," ताई म्हणाली. "आपल्या गाडीवर भरवसा नसेल तर दाबा. मी माझा दाबणार नाही."

मग मुलाची आई म्हणाली, "बसा की हो. एवढं म्हणतायत तर."

बाई असं कधी करत नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो बसला.

दुसरा गिअर.

ड्रायव्हिंग शाळा दोघी बहिणींची होती. ताई कागद, परवाने आणि तोंड सांभाळायची. शिकवायची ती धाकटी. तिच्या हाताखाली घाबरट माणसंसुद्धा शिकत, कारण ती कधी ओरडायची नाही. "अहो, गाडी तुम्हाला घाबरलीय, तुम्ही नका घाबरू," म्हणायची. ही पांढरी गाडी तिनेच पसंत केली होती. सर्टिफाइड आहे, दोनशे ठिकाणी तपासलीय, आपल्याला आणखी काय हवं, असं म्हणून ती ताईशी भांडली होती.

त्या दिवशी एक निवृत्त काका चालवत होते. गडबडीत त्यांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. धाकटीने आपला ब्रेक दाबला, तरी गाडी उभ्या ट्रकवर आपटायची ती आपटलीच. फार नाही. बॉनेट दुमडलं, दिवा फुटला. काकांच्या नाकावरचा चष्मासुद्धा हलला नाही.

बाजूच्या सीटवर मात्र पट्टा सुटत गेला आणि बॅग उघडली नाही.

धाकटीचा डावा डोळा गेला. ते एक वेळ चाललं असतं, ती स्वतःच म्हणायची. पण कानाच्या आत काहीतरी कायमचं बिघडलं. गाडीत बसलं की दोन मिनिटांत जग गरगरतं, उलटी होते. बस असो, रिक्षा असो. आता ती सगळीकडे पायी जाते.

ताई तेव्हा गॅरंटीकडे आली होती. त्याने पंखा तिच्याकडे वळवला, थंड पाणी मागवलं आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण त्या नीट बसल्या नसतील."

वीस वर्षं दुसऱ्यांना नीट बसायला शिकवणारी बाई.

गाडी दुरुस्त करताना मिस्त्रीने डॅशबोर्ड उघडला. एअरबॅगच्या जागी जुन्या सीटचा फोम कोंबलेला होता. स्टिअरिंगमध्येही तेच. आधीच्या कुठल्याशा अपघातात बॅगा उघडून गेलेल्या, बाजूच्या सीटचा पट्टाही एकदा ताणून निकामी झालेला. आणि बॅगेचा दिवा ऑइलच्या दिव्याला जोडून ठेवलेला, म्हणजे चावी फिरवली की दोन्ही बरोबर पेटणार, बरोबर विझणार.

"बंद करा," ताई म्हणाली.

"नवीन टाकू ना?"

"नको. होतं तसंच बंद करा."

मिस्त्रीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्क्रू आवळले. पुढे तिने केस टाकली. तारखांवर तारखा पडत गेल्या. दर तारखेला गॅरंटीचा वकील सेन्सरच्या अकलेबद्दल बोलायचा.

तिसरा.

गाड्यांच्या रांगा मागे सरकू लागल्या. भिंतीवरचा अंगठा मोठा होत चालला.

"बरं मॅडम, झाली गंमत."

"समोर बघा. बोलताना समोर बघायचं, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो."

"लोक बघतायत."

"म्हणून तर शनिवार धरला."

काटा तीसच्या पुढे गेला. गॅरंटीने पट्टा मुठीत धरून ओढला. पट्टा येतच राहिला, विहिरीच्या दोरासारखा.

"ताई, ऐका ना." तो पहिल्यांदाच ताई म्हणाला. "तुमच्याकडेसुद्धा नाहीये ती."

"काय नाहीये?"

"स्टिअरिंगमध्ये. तुमच्याही बाजूला..."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली आणि पाय आणखी दाबला.

तेव्हा त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग खाली, तिच्या पायाकडे.

ब्रेक.

टायर किंचाळले. गाडी थरथरली आणि बंद पडली. भिंत अजून बरीच दूर होती. मध्ये एक बस आडवी उभी राहिली असती. गॅरंटीचे दोन्ही तळवे डॅशबोर्डवर टेकलेले होते आणि पाय ब्रेकवर असा ताठ होता की दुसऱ्या कुणाचा असावा.

"उठा आता," ताई म्हणाली. "थांबलीय गाडी."

तो उतरला. आवारात कुणी हसलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मुलाच्या आईने मुलाच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि लाल गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

"आजी, ही वेगळी गाडी आहे," सेल्समन म्हणाला.

"माणूस तोच आहे ना," म्हातारी म्हणाली आणि चालू लागली. तिच्यामागे आणखी दोघं-तिघं निघाले. एक माणूस मात्र थांबला. तो एका हिरव्या गाडीचं स्टिअरिंग बोटाने ठोकून, कान लावून ऐकत होता.

ताईला हलकं वाटायला हवं होतं. ज्या क्षणासाठी तिने दोन वर्षं तो फोम तसाच ठेवला, तो येऊन गेला होता. पण तिला राग आला होता. फार लवकर दाबला त्याने. तिला आणखी पुढे जायचं होतं. तिने खाली पाहिलं. तिचा पाय अजून ॲक्सिलरेटरवर होता, तळापर्यंत.

ती उतरून निघाली, तर फाटकाशी धाकटी उभी होती. सकाळी ताईने बाजूचा ब्रेक तपासून घेतला होता, त्या मिस्त्रीने सांगितलं असणार. पायी आली होती, चपला धुळीने भरलेल्या.

"दाबला?" तिने विचारलं.

"दाबला."

"कुठे?"

ताईने काळ्या खुणा दाखवल्या. धाकटीने मान वळवून उजवा डोळा तिकडे नेला. खुणांपासून भिंतीपर्यंतचं अंतर तिने मास्तरणीच्या नजरेने मापलं.

"त्याने दाबला नसता तर?"

ताईने पर्सची चेन लावली, मग उघडली, मग पुन्हा लावली.

"ताई, तू दाबणार होतीस ना?"

"चल," ताई म्हणाली. "ऊन उतरलंय."

"मॅडम, गाडी?" मागून सेल्समन धावत आला. "मध्येच उभी आहे. दुसरी गाडी निघायची कशी?"

"असू दे. उद्या रविवार, गिऱ्हाईक जास्त असतं. कुणी विचारलं तर सांगा, सर्टिफाइड आहे."

दोघी रस्त्याला लागल्या. ताई धाकटीच्या डाव्या बाजूने चालत होती, जिकडचं तिला दिसत नव्हतं. जवळून गाडी गेली की धाकटीला घेरी यायची. मग ती ताईची बाही धरायची, डोळा मिटून उभी राहायची आणि आवाज लांब गेला की पुढे निघायची. शनिवारची संध्याकाळ, रस्त्यावर गाड्याच गाड्या. दोन पावलं चालायची आणि थांबायचं.