पडद्यावरचा श्वास

शुक्रवारी दुपारी भीमसेनरावांच्या ओट्यापासून कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानापर्यंत चपलाच चपला पसरलेल्या असत. पापनाशमच्या बायका पहिली बस पकडून येत. आसपासच्या खेड्यांतून मोपेडवर जोडपी येत. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाचा नवरा. साऱ्यांना एकच नवल बघायचं असे: भीमसेनरावांचा मेलेला पोरगा कंप्युटरच्या पडद्यावर श्वास घेतो.

सुप्रभा ओरत्तनाडूहून आली तेव्हा तिला माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवायला जागा मिळेना. भीमसेनची ही थोरली बहीण तिकडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मधे वर्षभर भावजयीचे फोन कमी कमी होत गेले होते, आणि आलाच तर त्यात 'सामी म्हणतात' याखेरीज दुसरी गोष्ट नसे. म्हणून ती न कळवताच आली होती. दारातल्या माणसानं तिला अडवलं. "अम्मा, रांगेत या. सामींपुढं सगळे सारखे."

"मी या घरची लेक आहे," सुप्रभा म्हणाली आणि त्याच्या हाताखालून आत शिरली.

श्रीकरच्या, गेलेल्या भाच्याच्या, खोलीच्या खिडक्यांना काळं कापड लावलेलं होतं. कापूर, जाई आणि माणसांचा घाम यांचा दर्प कोंडला होता. टेबलावर मोठा मॉनिटर, त्याच्या कडेला चंदन-कुंकू. शेजारी कंप्युटरचा डबा लाल रेशमी वेष्टीत, म्हणजे धोतरात, गळ्यापर्यंत गुंडाळलेला, वरून हार. पडद्यावर खेळातलं अंधारं दगडी दालन, एक जळती मशाल, आणि पाठमोरा उभा राहिलेला योद्धा.

हा योद्धा तिथं कसा उभा राहिला, ते सुप्रभाला ठाऊक होतं. खेळता खेळता श्रीकर "आत्ता येतो" म्हणून स्कूटर घेऊन गेला आणि बायपासच्या वळणावर लॉरीखाली सापडला. घरात दहा दिवस दिवा तेवत ठेवला, मालवू दिला नाही. रिवाजच तो. पण विनुतानं, भीमसेनच्या बायकोनं, तो रिवाज पडद्यालाही लावला. लेकानं उघडा ठेवलेला खेळ मालवायचा कुणी? दहावा झाला, दिवा शांत झाला, पडदा तसाच राहिला. मग एकदा वीज गेली आणि पडदाही गेला. विनुता भिंतीवर डोकं आपटू लागली, तेव्हा भीमसेननं घाबरून पेठेतल्या दुरुस्तीवाल्या मणीला बोलावून आणलं. मणीनं तासाभरात खेळ पुन्हा त्याच दालनात आणून उभा केला. विनुतानं त्याचे पाय धरले. मणीनं आपल्या पायांकडे पाहिलं, आणि बहुधा तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं की स्क्रू पिळण्यापेक्षा हा धंदा बरा. मणीचा मणीसामी झाला तो असा.

आता तोच मणी कपाळभर विभूती फासून तमिळमध्ये बोलत होता. "या डब्यात दोन कार्डं आहेत. सगळ्यांच्या यंत्रात एक, या मुलानं दोन लावली. का? त्याला आतून कळलं होतं! एक इडा, दुसरी पिंगळा. मधली जोडणारी पट्टी म्हणजे सुषुम्ना. आपला श्वास ठरावीक, आत्म्याचा श्वास बदलता. पाहा, तो आला की पडदा कसा श्वास घेतो."

सगळे पाहत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. कापराचा धूर तेवढा वाढला. मग मशालीभोवतीचा अंधार हलला. उजळ, मंद, उजळ, मंद, इतकं भराभर की डोळ्यांत टोचावं. भिंती थरथरल्या, योद्ध्याची पाठ श्वास घेतल्यासारखी हलू लागली. बायका हुंदके देऊ लागल्या. सुप्रभाच्याही अंगावर काटा आला, आणि त्यासाठी तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात तिला पडद्यासमोरच्या पाटावर बसलेली शांभवी दिसली. श्रीकरची धाकटी बहीण, नववीतली पोर. तिची नजर पडद्याला खिळली होती. पापण्या फडफडल्या, मान एका बाजूला वळली, आणि पोर लाकडासारखी ताठ होऊन कोसळली. हातपाय झटके देऊ लागले.

"आला!" मणी ओरडला. "भाऊ बहिणीच्या अंगात आला!"

लोकांनी हात जोडले. सुप्रभा माणसं तुडवत पुढं गेली, तिनं पोरीला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली पदर सारला. शांभवीच्या ओठांवर निळी झाक होती, आणि झटके थांबता थांबत नव्हते. मणीनं शांतपणे डब्यावरचं रेशीम काढलं आणि म्हणाला, "आता त्याला जाऊ द्या." थोड्या वेळानं पडदा निवला. पोर मात्र बराच वेळ शुद्धीवर आली नाही.

माणसं पांगल्यावर सुप्रभानं भावाला मागच्या पडवीत गाठलं. "भीमसेन, हिच्या फिटच्या मात्रा चालू आहेत ना?"

भीमसेन नारळाच्या झाडाकडे बघत राहिला. "सामी म्हणाले, अक्का, मात्रा घेतल्या तर दार बंद होतं. श्रीकरला आत येतां येत नाही."

"कधीपासून बंद आहेत?"

विनुता दारात येऊन उभी होती, तीच म्हणाली, "अक्का, तुम्हीं मधे पडूं नका. उद्या वर्षश्राद्ध. ब्राह्मण जेवून गेले की दुपारपासून दिवेलागणीपर्यंत शांभवी बसेल. श्रीकर बोलेल, असं सामींनी सांगितलंय."

"दिवेलागणीपर्यंत? विनुता, आज ती जेमतेम परत आली. वलिप्पु, हा फिटचा झटका, पुन्हा पुन्हा आला आणि थांबलाच नाही, तर पोर हातची जाईल. डॉक्टर लहानपणीच म्हणाले होते ना, लपलपत्या उजेडापुढं हिला बसवूं नका?"

"तो उजेड नाही, अक्का. तो माझा मुलगा आहे."

सुप्रभानं पोरीला ओरत्तनाडूला नेते म्हटलं, तर भीमसेन हात जोडून म्हणाला, "विनुता मरेल, अक्का. तिचं एवढंच उरलंय." भाऊ वाईट नव्हता, भित्रा होता. भित्र्या माणसाच्या घरात भोंदू फार लवकर देव्हाऱ्यापर्यंत पोचतो.

ती श्रीकरच्या खोलीत जाऊन बसली. रेशीम घडी करून ठेवलं होतं आणि पडदा अगदी शांत होता. मशाल नीट जळत होती. तिनं डब्यावर हात ठेवला, तो अजून कोमट होता. मणी आधी रेशीम गुंडाळतो, मग बराच वेळ बडबडतो, मग श्वास येतो. रेशीम काढलं की श्वास जातो. मेलेल्या माणसाला रेशमाचं एवढं काय पडलंय?

आणि मग तिला श्रीकरच आठवला. याच खुर्चीत मांडी घालून बसलेला, कुरकुर करणारा. चेन्नईच्या बाजारातून जुनी दोन ग्राफिक्स कार्डं उचलून आणली होती आणि पस्तावला होता. "अत्या, एक चित्र हा काढतो, पुढचं तो. पण हा वेळेवर आणि तो उशिरा. आणि माझा मॉनिटर पडला शहाणा, ठरल्या ठेक्यावर चालत नाही, कार्डाची वाट बघतो. मग लांब, आखूड, लांब, आखूड. अंधाऱ्या जागी नुसतं लुकलुकतं बघ." ती तेव्हा हसली होती. पुढं तो आणखी काहीतरी म्हणाला होता, शांभवीबद्दल. ते आठवलं आणि सुप्रभा उठून उभी राहिली. तिनं मॉनिटरखालचं बटण चाचपलं, पडद्यावर उघडलेली यादी वाचली आणि पुन्हा मिटली. आता फक्त लोकांसमोर बोलायचं होतं. विनुताला एकटीला सांगितलं असतं तर तिनं कान झाकून घेतले असते.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाची जेवणं झाली आणि खोली पुन्हा माणसांनी गच्च भरली. मणीनं रेशीम गुंडाळलं. विनुतानं शांभवीला नवा परकर नेसवून पाटावर आणून बसवलं. पोर आत्याकडे बघत होती.

सुप्रभा जाऊन पोरीच्या शेजारी बसली. पडदा हलायला लागला, तोच तिनं शांभवीच्या डोळ्यांवर तळवा ठेवला आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात फिरवलं.

"अक्का, तिला सोडा," विनुता म्हणाली आणि पोरीचा दंड ओढू लागली.

"सोडते. आधी सामींना एक विचारते. सामी, मुलगा येतो तो कशाला भुलून? रेशमाला?"

"भक्तीला, अम्मा," मणी गोड हसला. "रेशीम काय, वस्तू आहे."

"मग काढूया." तिनं पोरीला पडद्याकडे पाठ करून डोळे मिटायला लावलं, उठून हार बाजूला केला आणि वेष्टी फस्सकन ओढली. आतून गरम वाफ अंगावर आली. भिंतीशी धूळ खात पडलेला टेबलफॅन तिनं डब्याकडे वळवून लावला. माणसं कुजबुजू लागली. बघता बघता पडद्याची थरथर मंदावली आणि थांबली.

"तो रागावला," मणी म्हणाला. "स्त्रीनं मधे हात घातला. दोष लागेल या घराला."

"लागू दे. आता मी त्याला परत बोलावते." सुप्रभानं स्वयंपाकघरातून मसोतं आणलं. तेलानं काळवंडलेलं, सांबाराचं पातेलं उतरवायचं ते मसोतं. ते डब्याभोवती गुंडाळून वर शांभवीची गोधडी टाकली, फॅन बंद केला आणि फरशीवर बसून राहिली. मणी मंत्र पुटपुटू लागला, तशी ती म्हणाली, "नको, तुमच्या मंत्राशिवायच बघूया."

थोड्याच वेळात अंधार हलला. उजळ, मंद, उजळ, मंद.

मागच्या रांगेतली एक म्हातारी बोलली, "मसोत्यालाही येतो?" कुणीतरी हसलं, आणि मणीच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली.

"मसोत्यालाही येतो, आजी. गोणपाटालाही येईल," सुप्रभा म्हणाली. "कोंडल्यावर कार्डं तापतात. तापली की मंदावतात. दोघं आळीपाळीनं चित्रं काढतात, पण एक दुसऱ्याच्या मागं पडतं. एक चित्र लवकर, एक उशिरा. साधा पडदा आपल्या ठेक्यावर चालतो, हा कार्डाची वाट बघतो. वाट लांबली की उजेड किंचित बदलतो. भर उजेडात कळत नाही, पण अंधारं चित्र आणि काळं कापड असलं की असं दिसतं. वाट बघायची ही सोय मॉनिटरमध्ये चालू-बंद करता येते. बघा." तिनं बटण दाबलं, यादीतली एक ओळ बदलली. मसोतं होतं तसंच होतं, गोधडी होती तशीच होती. पडदा मात्र जागच्या जागी थिजला.

"सामी, ही ओळ कुणी चालू केली?"

"मला त्यातलं काय कळतं, अम्मा? मी संन्यासी माणूस."

भीमसेन एवढा वेळ दाराशी उभा होता. तो पुढं आला. "मणी, तूंच दुरुस्त करायला आला होतास. त्या दिवशी दार लावून आत काय करत होतास?"

मणीनं चहूकडे पाहिलं. मग श्रद्धा, कलियुग, शिकलेल्या बायका असं काही बरळत तो वाट काढत बाहेर पडला. रेशीम न्यायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

विनुता मात्र पडद्याकडेच बघत बसली होती. "खोटं," ती हळू म्हणाली. "तो येत होता. मी पाहिलंय."

सुप्रभा तिच्यासमोर बसली. तिला रडू येत होतं आणि तिनं ते दाबलं नाही. "विनुता, ऐक. त्या लुकलुकीवर श्रीकर माझ्याकडे कुरकुरला होता. मी म्हटलं, मग बंदच ठेव की. तर म्हणाला, 'अत्या, शांभवी खोलीत येते तेव्हा बंदच ठेवतो. तिला ते सोसत नाही.' तुझ्या मुलानं ज्या उजेडापासून बहिणीला जपलं, त्याच उजेडापुढं आपण तिला त्याच्या नावानं बसवलं. दर शुक्रवारी."

विनुतानं शांभवीकडे पाहिलं, पोरीच्या चावून फुटलेल्या ओठाकडे, सुजलेल्या कोपराकडे. वर्षभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"मग माझा श्रीकर कोठें आहे, अक्का?"

"कुठंच नाही, विनुता. तो गेला. ही आहे."

बाहेर माणसं आपापल्या चपला शोधत होती, कुणी मणीला शिव्या देत होतं, कुणी अजूनही म्हणत होतं, काहीतरी असेलच. विनुता उठली. तिनं काळं कापड खेचून खिडकी उघडली, टेबलापाशी आली आणि बटणावर बोट ठेवून थांबली. मग दाबलं. योद्धा, मशाल, दालन, सगळं गेलं, आणि काळ्या काचेत तिला आपलाच चेहरा दिसला. "भीमसेन," ती नवऱ्याला नावानं कधी हाक मारत नसे, "मात्रा आणा. आणि गाडी काढा, डॉक्टरांकडे जायचंय."

अशी घरं आपल्या गावातही आहेत, तुमच्या गल्लीतही असतील. दुःख खरं असतं म्हणून चमत्कार खरा होत नाही. पडदा हलला तर हात जोडण्याआधी कापड उचलून बघा, कोण काय झाकतंय ते विचारा, आणि आजारी लेकराचं औषध कुणाच्याही शब्दावर बंद करू नका. गेलेल्याला परत आणायचं कुणाच्याच हाती नाही. उरलेल्याला जगवणं मात्र पुष्कळदा आपल्या हाती असतं, आणि ते आपण दुसऱ्याच्या हाती देऊन बसतो.