पताकांपासून पाच हात

पोहायला घातलं तेव्हा तिला पाण्यात तोंड घालणं काही केल्या जमेना. नाकात थेंब गेला तरी ती असा आकांत मांडायची की बाजूला निवांत तरंगणारे म्हातारेसुद्धा घाबरून काठ गाठायचे. आठवडाभर हे पाहून सर वैतागले. "नको घालूस बाई तोंड. उताणी पड आणि काय करायचं ते कर." ती उताणी पडली आणि जी सुटली, ती पलीकडच्या भिंतीवर डोकं आपटूनच थांबली. सरांनी एका हाताने टेंगळावर बर्फ धरला आणि दुसऱ्या हाताने वहीत तिचं नाव लिहून घेतलं.

थोरला भाऊ काठावर बसून सगळं बघत होता. "उलटं पडलेलं झुरळ दिसतेस अगदी," तो म्हणाला. झालं! संध्याकाळपर्यंत ते नाव तलावभर झालं, आणि ती देशात पहिली आली तरी तिला चिकटून राहिलं. स्पर्धेत प्रेक्षकांतून "झु-रळ! झु-रळ!" असा घोष उठला की परक्या लोकांना कळेना, ही पोरगी चिडत कशी नाही. एकदा तर एका सज्जन पंचांनी घोष करणाऱ्यांना बाहेर काढायची तंबी दिली. तेव्हा ती टॉवेल गुंडाळून, पाणी निथळत त्यांच्यासमोर उभी राहिली. "अहो, राहू द्या. ते मीच आहे."

सहा वेळा ती देशाची विजेती झाली. दोनशे मीटरचा विक्रम तिच्या नावावर होता, आणि त्याहून जास्त अभिमान तिला एका आकड्याचा होता.

उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, छत दिसतं. म्हणून भिंतीच्या पाच मीटर आधी पाण्यावर पताकांची दोरी आडवी बांधतात. पताका डोळ्यांवरून सरकल्या की हात मोजायचे आणि शेवटच्या हाताला पालथं होऊन लगेच कोलांटी घ्यायची. पालथं झाल्यावर भिंतीची वाट बघत पाय मारले की बाद. बहुतेकींना पाच हात लागत, काहींना सहा. तिला चार. पंधराव्या वर्षापासून चारच. सर नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून सांगत, "बघा, चार हातांत भिंत. आणि मागे वळून बघणं नाही." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पुढची फेरी मुद्दाम जरा जास्त ऐटीत मारायची.

मग तिला मुलगी झाली. सासूबाईंचं घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम होतं. मशीन, दिवाणावर कपड्यांचे ढीग, दारामागे लोकांच्या मापांच्या चिठ्ठ्या. त्याच ढिगांत बाळाची झोळी टांगली गेली. तिसऱ्या महिन्यात ती दबकत म्हणाली, "आई, पुन्हा तलावावर जावंसं वाटतंय." सासूबाईंनी तोंडातली टाचणी काढली. "मग जा की. मला काय विचारतेस, मी काय तुला दोरीने बांधलंय?"

निवडीची स्पर्धा बाळाच्या आठव्या महिन्यात होती. पहिली येईल तीच देशाच्या संघात जाणार, आणि तिच्या वयाकडे पाहता पुढच्या वेळी कुणी वाट बघणार नव्हतं. सहाव्या महिन्यात ती एका छोट्या स्पर्धेत उतरली. पहिल्याच वळणाला चार हात मोजून पालथी झाली, तर भिंत आलीच नव्हती. घाबरून तिने पाय मारले. पंचांचा हात वर गेला. बाद.

"पताका चुकीच्या बांधल्यात," सर पंचांसमोर गरजले. पंचांनी मोजून दाखवल्या. बरोबर पाच मीटर. मग घरच्या तलावातही ती तीनदा भिंतीआधी पालथी झाली, तेव्हा सर म्हणाले, "इथली दोरी सैल झाली असणार." आणि दुसऱ्या दिवशी, बाळाला कडेवर घेऊन आलेल्या सासूबाईंच्या पर्समधून शिवणकामाची फीत निघाली. दीड मीटरच्या त्या फितीने सर काठावर गुडघे टेकून खुणा करत मोजत बसले. एकदा, दोनदा, तीनदा, वर अर्धा मीटर. पाच.

"कमाल आहे," सर डोकं खाजवत म्हणाले.

"कमाल कसली?" सासूबाई बाळाला थोपटत म्हणाल्या. "मी तासभर मोजतेय. तिला आता पाच हात लागतायत."

"छे हो आई, माझे चार आहेत," ती पाण्यातून म्हणाली.

"पंधरा वर्षं मी बघतोय," सर म्हणाले. "चारच."

"तुम्ही पंधरा वर्षं बघताय म्हणून तर तुम्हाला दिसत नाही. अहो, ड्रेस दंडात घट्ट झाला की बायका मला सांगतात, कापड आटलं. मी बरं म्हणते. पण कात्री हातात घेतल्यावर जुनी चिठ्ठी बघत नाही, पुन्हा माप घेते. मूल झालंय तिला. अंग तेच कसं राहील?"

सरांनी फीत गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिली. तिला मात्र ते झोंबलं. पाच म्हणजे कुणाचेही असतात. घरी येऊन ती बाळाला पाजत बसली, आणि डोळ्यांतलं पाणी बाळाच्या कपाळावर पडल्यावर तिचं तिलाच हसू आलं. चार हात म्हणजे ती, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. मांडीवर ऐसपैस पसरलेलं हे साडेसात किलोचं गाठोडं कुठल्या आकड्यात बसवायचं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांना म्हणाली, "पाच मोजू या."

सांगणं सोपं होतं. चौथ्या हाताला तिचा खांदा आपोआप पालथा व्हायला बघायचा. सर काठावरून ओरडायचे, "अजून एक! अगं झुरळा, अजून एक!" दिवसाला शंभर वळणं. महिनाभरात चौथा हात नुसता चौथा झाला आणि पाचव्यानंतर पायांचे तळवे भिंतीवर असे बसायला लागले, जसे काही खास त्यांच्यासाठीच तिथे खाचा पाडल्या होत्या.

निवडीच्या दिवशी शेजारच्या लेनमध्ये एक सतरा वर्षांची मुलगी होती, लांब हातांची, त्या मोसमात सगळ्यांत वेगवान. शिटी झाली. पहिल्या पन्नास मीटरलाच ती मुलगी हातभर पुढे गेली. झुरळाला छत दिसत होतं आणि कानांतल्या पाण्यातून तो जुना घोष पुसटसा ऐकू येत होता. पताका. एक, दोन, तीन, चार. पाच. वळण बसलं.

दुसऱ्या वळणापर्यंत मांड्या पेटल्या होत्या. पुढच्या मुलीचे पाय अजूनही तिच्या खांद्याशी फेस उडवत होते. तिसरं वळण आलं. त्या मुलीला भरधाव वेगात पल्ला कळला नाही, ती भिंतीच्या अगदी कुशीत शिरून वळली आणि पाय दुमडून अडकल्यासारखी क्षणभर थांबली. झुरळाचे मात्र पाच हात बरोबर पडले. गुडघे हवे तेवढेच वाकले, आणि सगळं अंग धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखं नव्हे, तर चांगल्या तेल घातलेल्या मशीनखालून कापड सरकावं तसं पाण्याखालून सरळ सरकलं. वर आली तेव्हा शेजारी फेस नव्हता.

शेवटचे पन्नास मीटर तिने कसे काढले ते तिला नीट आठवत नाही. पाचवा हात भिंतीला लागला आणि फलकावर तिचं नाव सगळ्यांत वर आलं. वेळ तिच्या विक्रमापेक्षा दीड सेकंदाने जास्त होती. ती वेळ तिने दोनदा वाचली आणि तिला ती आवडली. आठ महिन्यांपूर्वी जिने मूल जन्माला घातलं, तिने काढलेली ही वेळ होती. काठावर सर रुमालात नाक शिंकरत होते आणि विचारेल त्याला सांगत होते, "क्लोरीनचा त्रास आहे मला."

एवढ्यात वर प्रेक्षकांतून एक ओळखीचं रडणं उठलं आणि तिच्या छातीत दूध भरून आलं. ती धडपडत बाहेर आली, सासूबाईंच्या हातून बाळ घेतलं आणि ओल्या अंगाने कपडे बदलायच्या खोलीत शिरली.

बाहेर ध्वनिक्षेपकावर तिचं नाव पुकारलं गेलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा पुकारल्यावर संयोजक हातात कागद घेऊन धावत आले.

"अहो, विजेती कुठंय? पाहुणे उभे आहेत!"

सर दाराला पाठ लावून छाती काढून उभे राहिले. "विजेती कामात आहे."

"पण किती वेळ?"

आतून चुटूचुटू आवाज येत होता. सासूबाईंनी संयोजकांकडे शांतपणे पाहिलं.

"ते आम्हाला काय विचारता? पिणारीला विचारा."