परतीचं सामान

चकती बोटभर दोरीला बांधलेली होती, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी, आणि खिडकीतून आलेल्या उन्हात ती अशी लखकन चमकली की क्लेमेंटिनाने डोळेच मिटून घेतले. कोटाला लावायची, गुडघ्याच्या उंचीवर लोंबेल अशी, म्हणजे अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसतो – असं इंगरने पाकिटावर लिहून पाठवलं होतं. नॉर्वेत नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो म्हणे, आणि शहाणीसुरती माणसं अंगाला अशा चकत्या टांगून हिंडतात. गुरांच्या गळ्यात घंटा बांधावी तशी... तिला हसू आलं. मग हसू आल्याचा राग आला, कारण फोन अजून गप्प होता.

सकाळी उठल्या उठल्या तिने इंगरला एक प्रश्न पाठवला होता. तिकडे तेव्हा पहाटही झाली नसणार. इंगर उठेल, कॉफी करील, मग फोन बघील. सुनेचं सगळं असं वेळच्या वेळी असतं. गेला महिनाभर ती रोज एकेक सूचना पाठवते आहे. अंगालगत लोकरीचं, त्यावर जाड, त्यावर पाणी न शिरणारं. छत्री आणू नकोस, बर्गनच्या वाऱ्यात टिकत नाही. रोख पैसे कुणी घेत नाही. नळाचं पाणी प्यायचं, बाटली विकत घ्यायची नाही. बसमध्ये रिकामी बाकडी असताना कुणाच्या शेजारी जाऊन बसू नये, लोकांना अवघडल्यासारखं होतं. घरात शिरताना पायताण बाहेर – हे वाचून क्लेमेंटिना म्हणाली होती, चला, एक तरी गोष्ट माणसांसारखी आहे. आणि पावसाचं? पावसाचं तू मला मालवणात सांगतेस होय गं?

पण आजचा प्रश्न कपड्यांचा नव्हता. तिने शिक्षिकेच्या शिस्तीत, मुद्देसूद विचारला होता. लेकाची, रॉयडनची, कबर कुठल्या दिवशी उघडायची, तिथल्या पाद्रींना कुणी सांगायचं, आणि हाडं विमानात हातातल्या पिशवीत नेऊ देतात की मोठ्या बॅगेत ठेवावी लागतात?

एवढंच. परतीचं सामान.

कॉटवर मोठी बॅग उघडी पडली होती. एका बाजूला लोकरीची बनियनं, इंगरसाठी कोकमं, सुका बांगडा (मासे चालतात, चौरीस म्हणजे डुकराचं सॉसेज चालत नाही, दुधाचंही काही नाही – ही इंगरची आणखी एक सूचना). दुसरी बाजू तिने मुद्दाम रिकामी ठेवली होती. तिथे फक्त एक पांढरं कापड, धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं. ऑक्टोबरच्या या उकाड्यात लोकरीकडे बघूनसुद्धा पाठीला घाम फुटत होता, पण त्या कापडावरून हात फिरवला की बरं वाटायचं. येताना आपण एकट्या नसणार... हे ती कुणाला म्हणाली नव्हती. म्हणायचं काय त्यात, सगळ्यांना ठाऊकच होतं.

दुपारी ऊन असतानाच फ्रान्सिस बोलवायला आला. हा तिचा धाकटा दीर. चर्चमागच्या दफनभूमीची देखभाल तोच बघतो. हाताला चुना, टोपीला चुना, आणि चेहऱ्यावर लग्नघरातली लगबग.

“वयनी, चल गो, बघ. चुनो कसो बसलो तो.”

भिंतीतला कोनाडा पांढराशुभ्र झाला होता. आत तिचा नवरा, पास्कू, लहानशा पेटीत. फ्रान्सिसने ती पेटी एका कडेला सरकवून दुसरीपुरती जागा केली होती.

“पास्कूच्या बाजूकच. बापूस-झील गजाली मारीत बसतले,” तो म्हणाला. “तारीख कळली काय? पाद्रींका सांगूक व्हया, मिसाची प्रार्थना लावक व्हयी.”

“इंगराचो निरोप येव दे रे.”

आमच्याकडे कबर ही काही कायमची जागा नसते. गाव लहान, दफनभूमी त्याहून लहान. चार-पाच वर्षं झाली की माती उकरतात, हाडं काढून पुसून घेतात, ज्यांचा कोनाडा असेल त्यांची कोनाड्यात जातात आणि खाली नव्या माणसाला जागा होते. त्यात भयंकर काही नाही. पास्कूच्या वेळी तिने स्वतः हाडं पुसली होती. कापड धरायला रॉयडन होता... तेव्हा नुकताच बोटीच्या नोकरीला लागलेला, मिशी फुटून फार दिवस झाले नव्हते. फ्रान्सिस खालून एकेक द्यायचा, ती पुसायची, रॉयडन कापडाची झोळी दोन्ही हातांनी धरून उभा. सगळं झाल्यावर त्याने झोळी जरा उचलून बघितली, वजन घ्यावं तशी.

“पप्पा इतकोच?”

“इतकोच रे बाबा. सगळेच इतके,” फ्रान्सिस म्हणाला होता.

“मगे माका पण जागा होतली हंयसर,” रॉयडन म्हणाला, आणि हसला, आणि तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. जिवंत पोराची पाठ – घामाने ओली, रुंद, गरम. तो धपाटा अजून तिच्या तळहातात आहे.

त्यानंतर तो उत्तरेकडच्या बोटींवर गेला, इंगर भेटली, तिकडेच घर केलं. दर वर्षी म्हणायचा, आई, ये गो एकदा. दर वर्षी ती म्हणायची, येईन, घाई काय आहे. आणि मग ते वर्ष आलं, सगळी विमानं बंद असलेलं. धक्क्यावर साखळी तुटली आणि तो गेला, एवढंच कळलं. शवपेटी इकडे येणार नव्हती, आई तिकडे जाणार नव्हती. फोनच्या पडद्यावर तिने पाहिलं ते असं – काळे कोट घातलेली थोडी माणसं, एकमेकांपासून लांब लांब उभी, पेटी, ओली हिरवळ, आणि ऐन वेळी चित्र अडकलं ते इंगरच्या हातमोजा घातलेल्या हातावर. पुन्हा हललं तेव्हा माती पडून गेली होती. त्या दिवशी ती रडली नाही. शेजारणी कुजबुजल्या, दगड आहे बाई. पण फ्रान्सिसने तेव्हाच सांगून टाकलं होतं – “रडा नको गो वयनी. माती खंयची का असाना, चार वर्सांनी जावया आणि तेका घेवन येवया.” ती लगेच सावरली होती, कारण तिला काम मिळालं होतं. पासपोर्ट, व्हिसा, कापड, कोनाडा. येणाऱ्या माणसासाठी कुणी रडतं का?

घरी येऊन ती पडवीत टेकली तोच फोन वाजला. इंगरचा आवाज. एरवी ती भरभर, स्पष्ट बोलते, शाळेत असती तर वक्तृत्वात पहिली आली असती. आज मात्र ती सुरुवातीलाच अडखळली. मम्मा, मी तुझा प्रश्न दोनदा वाचला, मला आधी कळेचना तू काय विचारते आहेस. मग – इथं कबर उघडत नाहीत, मम्मा. वीस वर्षं तरी कुणी हात लावत नाही, तसा कायदा आहे. हलवायची परवानगी मिळणं जवळपास अशक्य. आणि हाडं... तसं कुणी इथं काढतच नाही. शिवाय इथली माती ओली असते, फार थंड, त्यामुळे इतक्या वर्षांत – आणि इथे ती थांबली. सॉरी, म्हणाली. मी तुला आधीच विचारायला हवं होतं, तू कशासाठी येते आहेस.

क्लेमेंटिना फोन मांडीवर ठेवून बसली. माडाच्या झावळ्यांतून ऊन खाली गळत होतं. कशासाठी येते आहेस... म्हणजे काय? आई मुलाला घेऊन जायला येते, हे जगात कुणालाही सांगावं लागतं का?

वीस वर्षं. मी तोवर स्वतः त्या कोनाड्यात.

आणि मग इंगरचं अर्धं राहिलेलं वाक्य तिच्या डोक्यात आपोआप पुरं झालं. पुरं करायला तिला कुणाची गरज नव्हती. सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. थंडीत पदार्थ लवकर नासत नाहीत – लिहा मुलांनो. फळ्याकडे पाठ करून, खिडकीबाहेर बघत, किती वर्षं हे वाक्य सांगितलं. म्हणजे तो... म्हणजे आपण इथं कापडाला इस्त्री करत होतो, पुसायचं कसं, गुंडाळायचं कसं, झोळी केवढी लागेल, आणि तो तिकडे अजून रॉयडनच आहे. हनुवटीवरची खोक आहे, पायरीवर आपटला होता ती. रुंद पाठ आहे. भुवया बापाच्या. अजून मोठाच्या मोठा, झोळीत न मावणारा.

क्षणभर तिला आनंद झाला. खरा, उघडानागडा आनंद, परीक्षेचा निकाल लागल्यावर होतो तसा. माझा पोर आहे अजून! – आणि तिने घाबरून आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. मग त्या आनंदाला टेकायला काही सापडेना. आहे, पण कुठे? ओल्या मातीखाली, वर लोक चकत्या लटकवून चालताहेत, आणि त्याच्या चेहऱ्याला कुणी हात लावू शकत नाही – आईसुद्धा नाही, कायद्याने. हाडांना मी हात लावू शकले असते. हाडांची भीती मला कधी वाटली नाही. हा चेहरा आता मी कुठे ठेवू?

फ्रान्सिस चुन्याची बादली न्यायला आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तो पायरीवर बसला, टोपी काढली. तिने त्याला सांगितलं. कायदा, वीस वर्षं, परवानगी नाही. थंडीचं मात्र तिने सांगितलं नाही. ते तिने स्वतःकडेच ठेवलं.

फ्रान्सिस हाताला लागलेला चुना नखाने खरवडत राहिला.

“तो येवचो नाय?” त्याने विचारलं.

“नाय.”

“मगे गो वयनी... आता थंय जावन तू काय करतलंस?”

विचारण्यात वाकडं काही नव्हतं. साधा प्रश्न, आणि त्याचं उत्तर इंगरच्या महिनाभराच्या सूचनांत कुठेच नव्हतं. काय करायचं असतं तिथे जाऊन? उभं राहायचं? किती वेळ? मेणबत्त्या लावायच्या, नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी सगळे लावतील तशा, आणि मग त्याला तिथे ठेवून, त्याच्याकडे पाठ करून, चालत बसपर्यंत यायचं. इतके दिवस जायच्या तयारीत आपण अशा गुंग होतो, की त्याला टाकून यावं लागेल हे एकदाही मनात आलं नव्हतं. तो मेल्याची बातमी सगळ्या गावाला केव्हाच कळली होती. तिच्यापर्यंत ती आत्ता येत होती, आणि समोर दीर बसलेला असताना, चहा विचारायचा राहिलेला असताना, ती नुसती म्हणत राहिली, “थांब रे, थांब जरा,” – फ्रान्सिसला, की पोराला, तिचं तिलाही कळेना.