निळ्या चिठ्ठीच्या माद्या

"आठपैकी आठ!" साहेबांनी पडद्यावरच्या आलेखातल्या निळ्या खांबावर छडी टेकवली. "औषध देऊनसुद्धा प्रत्येक पिंजऱ्यातली आठही पिल्लं पंधरा मिनिटांत घरट्यात. म्हणजे आईपण रसायनात नसतं, मित्रहो. जिला करायचं असतं, ती आई करतेच."

टाळ्या पडल्या. मी मागच्या भिंतीपाशी चहाचा ट्रे धरून उभा होतो. ती पिल्लं मी घरट्यात ठेवली होती.

या संस्थेच्या प्राणिघरात मी एकतीस वर्षं काढली. उंदरांचं खाणं, पाणी, भुसा आणि मेलेल्यांची विल्हेवाट. सगळे मला मामा म्हणतात आणि तिथेच त्यांचं-माझं नातं संपतं. साहेबांना उंदराच्या मेंदूतलं सगळं कळतं, फक्त उंदीर हातात धरता येत नाही. एकदाच धरला, तर तो चावला आणि साहेब तीन दिवस पट्टी बांधलेलं बोट सगळ्या इमारतीला दाखवत फिरले. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

प्रयोग होता ऑक्सिटोसिनचा. हे रसायन मेंदूत तयार होतं, बाळंतपणात वाढतं आणि त्याच्यामुळे आईला पिल्लू जवळ घ्यावंसं वाटतं, असं पुस्तकं सांगतात. साहेबांना पुस्तकं खोटी पाडून नाव कमवायचं होतं. निम्म्या माद्यांना ते रसायन अडवणारं औषध द्यायचं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग साहेबांची विद्यार्थिनी पिल्लं पिंजऱ्यात विखरून ठेवायची, दार लावून बाहेर जायची आणि पंधरा मिनिटांनी घरट्यात किती पोचली ते मोजायची. या मुलीला मी घाईबाई म्हणतो, कारण चार वर्षं झाली, तिची पीएचडी संपत नाही आणि घाईही संपत नाही. कॅमेऱ्याचा अर्ज दीड वर्षापासून कुठल्याशा टेबलावर पडला होता.

माणूस खोलीत असला की मादी बुजते, म्हणून त्या पंधरा मिनिटांत कुणीही आत जायचं नाही, असं साहेबांनी सगळ्यांना दोनदा बजावलं होतं. मला नाही. मी मागच्या दाराने आत जातो, हेच कुणाच्या गावी नव्हतं. सव्वानऊला, म्हणजे नेमक्या त्याच वेळात, पाण्याच्या बाटल्या बदलायच्या, असं माझ्या वेळापत्रकात लिहिलेलं आणि त्याखाली साहेबांचीच सही.

आत गेलो की काही पिंजऱ्यांत उघडीवाघडी पिल्लं भुशात वळवळत पडलेली असायची आणि त्यांची आई कोपऱ्यात बसून बघत असायची. पिल्लं गारठून मेली तर उचलायला मलाच लागतात. म्हणून मी ती एकेक करून घरट्यात ठेवायचो आणि आईला शिव्या हासडायचो. "बघत काय बसलीस, भवाने? लाज नाही वाटत?" पिंजऱ्यांवर निळ्या नाहीतर पांढऱ्या चिठ्ठ्या लावलेल्या असायच्या; असे सगळे पिंजरे निळ्या चिठ्ठीचे होते. पांढऱ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यात मला एकदाही हात घालावा लागला नाही. निळी चिठ्ठी म्हणजे औषध, हे मला त्या दिवशी पडद्यावर कळलं.

तोंड उघडायची वेळ तीच होती. मी चहा वाटला. साहेब मूर्ख ठरणार होते, त्याचं मला काय! शिवाय त्यांचं ते वाक्य मला फार आवडलं होतं. जिला करायचं असतं, ती आई करतेच. ते घरी घेऊन जाण्यासारखं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी आमची मुलगी झाली तेव्हा माझी बायको सव्वा महिना भिंतीकडे तोंड करून पडून होती. मूल रडून रडून हैराण व्हायचं, पण ही कूस बदलायची नाही. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, येऊन बाळाला सांभाळलं. "ही आई नाही, धोंडा आहे," असं अक्का म्हणाली आणि मी मान डोलावली. पुढे बायको सावरली. मुलीचं दुखणंखुपणं, शाळा, परीक्षा, सगळं तिनेच केलं. पण तो धोंडा मी जपून ठेवला होता. भांडण झालं की काढायचो आणि फेकायचो. आता मुलीला दोन महिन्यांनी मूल होणार होतं. तिने आईला बोलावलं, पण अक्का जाईल असं मी ठरवून टाकलं होतं.

घरी आलो तेव्हा बायको खिडकीपाशी बसून बाळासाठी दुपटं शिवत होती.

"ऐकलंस का?" मी बूट काढता काढता म्हणालो. "आमच्या साहेबांनी सिद्ध केलं आज. मेंदूत काही कमी असलं तरी आई पिल्लाला उचलते. जिला करायचं असतं ती करतेच."

ती नेहमीसारखी गप्प बसेल असं मला वाटलं होतं. तिने सुई दुपट्यात टोचून ठेवली.

"मला ऐकू यायची ती रडताना," ती म्हणाली. "सगळं ऐकू यायचं. उठावं, उचलावं, असं शंभरदा मनात यायचं. हात बाजूला पडलेला असायचा. माझा नसल्यासारखा."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"विचारलंत कुणी?"

मी हात-पाय धुवायला गेलो. नळ बराच वेळ सोडून ठेवला.

जनावरांना सुट्टी नसते, म्हणून शनिवारीही मी कामावर गेलो. निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांसमोर स्टूल घेऊन बसलो. तीन आठवडे मी या माद्यांना शिव्या देत होतो आणि त्यांच्या डोक्यात काय घातलंय हे मला ठाऊकही नव्हतं. साहेबांना मी बिनडोक म्हणतो. ते निदान पंधरा मिनिटांनी कुणालातरी मोजायला पाठवत होते. मी सव्वीस वर्षांत घरातल्या घरात एकदा विचारलं नाही. मला स्वतःची शिसारी आली.

सोमवारी मी घाईबाईला गाठलं. "ताई, ती पिल्लं मी उचलत होतो."

ती आधी हसली. मग मी वेळापत्रक दाखवलं, तशी मटकन खुर्चीत बसली. "मामा! माझी चार वर्षं पाण्यात घातलीत तुम्ही! आणि मी साधं मागचं दार बघितलं नाही!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता ती थांबली. "सगळ्या पिंजऱ्यांत उचलत होतात?"

"फक्त निळ्या."

"पांढऱ्यांत?"

"एकदाही नाही."

ती उठली आणि धावतच साहेबांकडे गेली. पाच मिनिटांनी मला बोलावणं आलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं आत जायला?" साहेबांचे कान लाल झाले होते. मी वेळापत्रक टेबलावर ठेवलं. त्यांनी स्वतःची सही उलटसुलट बघितली, जणू ती मीच केली होती. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये. पुढच्या आठवड्यात माझं भाषण आहे."

"सर, मी हे आकडे प्रबंधात घालणार नाही," घाईबाई म्हणाली. घाईतली पोर, पण त्या दिवशी एकेक शब्द सावकाश बोलली.

भाषण रद्द झालं. नव्या माद्या व्यायल्या आणि प्रयोग पुन्हा झाला. पहिल्या दिवशी घाईबाई पुढच्या दाराशी, मी मागच्या. माझ्या हातात भरलेल्या बाटल्या आणि आत काय चाललंय ते मला पक्कं ठाऊक. एकतीस वर्षांत इतकं जड काम मी केलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी आत गेलो. पांढऱ्या पिंजऱ्यांत सगळी पिल्लं घरट्यात. निळ्या सहा पिंजऱ्यांत मिळून अठ्ठेचाळीसपैकी तीन.

"आता ठेवा, मामा," ती म्हणाली.

मी पिल्लं घरट्यांत ठेवली. एकाही मादीला काही बोललो नाही. "ताई, बाईमाणसातही असंच असतं का?"

"इतकं सोपं नसतं हो. माणसाच्या बाबतीत एकाच रसायनावर खापर नाही फोडता येत. पण आई मुद्दाम उचलत नाही असं म्हणणारा शुद्ध गाढव."

साहेबांनी पुढे तेच भाषण उलटं करून दिलं. आपल्याला पहिल्यापासून शंका होती म्हणाले. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

पुन्हा केलेल्या प्रयोगाच्या पहिल्याच संध्याकाळी मी घरी आलो आणि उभ्या उभ्याच बायकोला सगळं सांगितलं. पिल्लं, औषध, निळ्या चिठ्ठ्या, मी दिलेल्या शिव्या. शेवटी म्हणालो, "चुकलो मी. फार वाईट वागलो तुझ्याशी. मुलीकडे तूच जा. अक्काला मी सांगतो."

ती ऐकत होती. मग हसली. सव्वीस वर्षांत ती मला असं हसली नव्हती.

"म्हणजे उंदरांनी साक्ष दिली म्हणून मी आई का?" ती म्हणाली. "अक्कांना मी मागच्याच महिन्यात सांगितलं. तिकीट परवाचं आहे. तुम्हाला निघताना सांगणार होते."

ती निघायच्या दिवशी मी रजा टाकली. लिफ्ट बंद होती. बॅग बरीच जड दिसत होती, म्हणून मी हात पुढे केला. तिने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"राहू दे. माझी मी नेते."

ती एकेक पायरी उतरत गेली. वळणावर बॅग खाली ठेवून तिने दम घेतला, हात बदलला आणि पुन्हा उचलली. मी वर कठड्याला धरून उभा होतो. खाली जाण्याची माझी हिंमत झाली नाही.