लांडग्याचा चढ

आमच्या मोंतेसेल्वोतून सायकलवाल्यांचा रस्ता जाणार हे कळल्यापासून गावात कुणी कुणाशी सरळ बोलेना. समुद्रापासून सिबिल्लिनीच्या डोंगरांपर्यंत कमी रहदारीचे, देखणे रस्ते जोडून एक मार्ग आखायचा, त्यावर पाट्या लावायच्या आणि तो नकाशात छापायचा असं प्रांताच्या कचेरीनं ठरवलं होतं. आमच्या हद्दीतले एकोणीस किलोमीटर कुठून न्यायचे, ते आम्ही सांगायचं होतं. तेलाच्या घाण्याचा मालक ग्वाल्तिएरो म्हणे, रस्ता घाण्यावरून गेला पाहिजे. पाद्रीबाबा म्हणत, चर्चवरून. खाटीक म्हणाला, "मला काही नको. फक्त माझ्या दुकानासमोर चढ संपला पाहिजे. चढ संपला की माणसाला भूक लागते."

मी एर्सिलिया. चौकातला बार माझा, त्यामुळे ही सगळी भांडणं माझ्याच टेबलांवर झाली. शेवटी आमची महापौर फाबिओला कंटाळली. पोरगी तिशीतली, पण डोकं शांत. ती म्हणाली, "ज्याचं दुकान नाही, शेत नाही आणि ज्याला सगळ्या वाटा पाठ आहेत, असा गावात एकच माणूस आहे. तो सांगेल तो रस्ता."

तो माणूस म्हणजे नझ्झारेनो. चौतीस वर्षं त्यानं सायकलवरून टपाल वाटलं. मध्ये एकदा त्याला मोपेड मिळाली होती. ती त्यानं आठवडाभर चालवली आणि कोंबड्या बिथरतात म्हणून परत केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अजून कुणाचं नाव काढलं की तो घर सांगतो, घराआधी कुत्र्याचं नाव सांगतो.

फाबिओलानं नकाशा आणि लाल पेन्सिल त्याच्या हातात दिली, त्या दिवसापासून नझ्झारेनो जमिनीवर चालेना. कॉफी प्यायला यायचा तेव्हा नकाशाची गुंडाळी काखेत असायची. कुणी डोकावलं की म्हणायचा, "काम चालू आहे."

त्याची बायको झेलिंदा हसून हसून बेजार. "एर्सिलिया, घरात मीठ कुठं असतं ते या माणसाला ठाऊक नाही," ती मला म्हणाली, "आणि हा जगाला रस्ता दाखवणार!"

झेलिंदा माझी मावसबहीण. समुद्राकडच्या गावातली, लग्न करून इकडं आली. बुटांचे वरचे भाग शिवायचं काम ती घरी बसून करायची. कारखान्याची गाडी सोमवारी माल टाकून जायची आणि शुक्रवारी न्यायची. मशिनीपुढनं उठायला फुरसत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या टपालाच्या वाटेला ती जन्मात गेली नव्हती. पण त्या वाटेवरच्या एका जागेचा तिला मनस्वी राग होता. लांडग्याचा चढ. नझ्झारेनोनं एक वाजता घरी यायला हवं, तो तीनला यायचा आणि खुर्चीत कोसळून म्हणायचा, "त्या चढानं जीव घेतला." मग ही बिचारी त्याचे पाय कोमट पाण्यात ठेवायची, पोटऱ्यांना कापराचं तेल चोळायची. पहाटे पाचला उठून कांदा घातलेली अंड्याची पोळी पावात भरून द्यायची, का, तर चढावर अंगात ताकद हवी.

जूनमध्ये प्रांताच्या कचेरीतून इंजिनिअर आला. तोम्मासो नावाचा, उंच, लाजाळू, चष्मा सारखा घसरणारा. रस्ता प्रत्यक्ष सायकलवरून बघायचा होता. नझ्झारेनो आपली जुनी लोखंडी सायकल पुसून हजर झाला. नगरपालिकेनं बॅटरीवर चालणाऱ्या दोन सायकली आणल्या होत्या. एक फाबिओलानं घेतली. दुसरीवर झेलिंदा येऊन बसली.

"तू कुठं?" नझ्झारेनो म्हणाला.

"मीपण येते."

"अगं, अडुसष्ट वर्षांची झालीस. आणि तिथं लांडग्याचा चढ आहे!"

"म्हणून तर. एकदा बघू दे त्या मेल्याचं तोंड."

"शेवटची सायकल कधी चालवलीस तू?"

"तुझ्याशी लग्न करायच्या आधी. तेव्हा सुखात होते."

इंजिनिअर चष्मा वर सारत दुसरीकडं बघायला लागला. मी माझ्या तीनचाकी टेम्पोत पाण्याच्या बाटल्या आणि हवेचा पंप टाकला आणि त्यांच्या मागोमाग निघाले. पुढचं सगळं मी टेम्पोच्या काचेतून पाहिलं आहे, ऐकीव नाही.

रस्ता सुंदरच निवडला होता, खोटं कशाला बोलू. गावाखाली सूर्यफुलांची शेतं, मग टेकडीच्या कण्यावरून जाणारी पांढरी खडीची वाट, उजवीकडं दूर समुद्राची रेघ आणि डावीकडं डोंगर. झेलिंदा पहिली पाच मिनिटं थोडी डगमगली, मग तिला बॅटरीचं बटण सापडलं. त्यानंतर ती पुढं आणि नझ्झारेनो घामाघूम होऊन मागं.

"थकलास का रे?" ती मागं वळून विचारायची.

"मी रस्ता तपासतोय!"

पहिलं घर क्विन्तोचं. म्हातारा नव्वदीला टेकलेला. सायकलींचा आवाज ऐकून बाहेर आला आणि नझ्झारेनोला बघून दोन्ही हात पसरले. "आलास का! कितीतरी दिवसांनी! तुझी खुर्ची तिथंच आहे बघ, अंजिराखाली. मी कुणाला बसू देत नाही."

"खुर्ची?" झेलिंदानं विचारलं.

"कधीतरी दम खायला बसायचो," नझ्झारेनो घाईघाईनं म्हणाला.

"दम!" क्विन्तो हसला. त्याला मोजकेच दात होते, पण हसला सगळ्यांनी. "वहिनी, दम नाही, च्याउस्कोलो खायचा हा! माझं सॉसेज असं मऊ की लोण्यासारखं पावावर फासावं. हा चार तुकडे खायचा आणि म्हणायचा, घरी काही मिळत नाही."

"असं म्हणायचा?"

"तसं नव्हे," नझ्झारेनो म्हणाला. "असं सॉसेज घरी मिळत नाही, असं म्हणायचो. पुरतं वाक्य सांग ना, क्विन्तो!"

झेलिंदा वळली. सायकलवर बसली. बटण दाबलं. मी टेम्पोचा गिअर बदलला तेव्हा मागं रेंगाळलेल्या नझ्झारेनोचा चेहरा मला आरशात दिसला. पुढं काय वाढून ठेवलंय ते त्या माणसाला माहीत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

कण्याच्या टोकाला तुतीच्या झाडाखाली पाल्मिना आणि देलिया या दोघी बहिणींचं घर. दोघीही बिनलग्नाच्या. पत्रं यायची ती अर्जेंटिनाला गेलेल्या भावाची. आम्ही पोचलो तर टेबल मांडलेलं. फाबिओलानं आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता, फक्त पाण्यासाठी. त्याचं या दोघींनी ताज्या नूडल्स, बदकाचा रस्सा आणि वाइनची सुरई असं करून टाकलं होतं.

पाल्मिना नझ्झारेनोच्या पिशवीकडं बघून म्हणाली, "आज पोळी नाही आणलीस?"

"कसली पोळी?" झेलिंदा.

"अंड्याची हो. कांदा घातलेली. रोज आणायचा ना आमच्या कुत्र्यांसाठी! बिर्बा, मग बिर्बाची पोरं, मग त्यांची पोरं. तीन पिढ्या वाढल्या हो त्या पोळीवर. काय तुकतुकीत कातडी होती एकेकाची!"

इंजिनिअरनं काटा खाली ठेवला. चौतीस वर्षं, सुट्ट्या वजा जाता रोज पहाटे पाच वाजता, मी मनात म्हटलं. आता ही बाई सुरई फोडणार.

झेलिंदानं रुमालानं तोंड टिपलं आणि पाल्मिनाला विचारलं, "मीठ बरोबर असायचं का, कुत्र्यांना?"

देलियाला पहिल्यांदा कळलं काय झालंय ते. तिनं तोंडावर हात घेतला. "अग बाई! तुम्ही करत होता? आम्हाला वाटलं, हा पोस्टातल्या कुणाकडून..." मग तिनं नझ्झारेनोची बाजू सावरायला घेतली. "वहिनी, रागावू नका. आम्हा दोघींना धड वाचता येत नव्हतं. हाच बसून भावाचं पत्र वाचायचा, उत्तरही हाच लिहायचा. क्विन्तोचंसुद्धा सगळं हाच वाचायचा. मग त्याला उपाशी कसं पाठवायचं?"

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," झेलिंदा नवऱ्याला म्हणाली. आवाज जरा खाली आला होता.

"दुसऱ्याची पत्रं," नझ्झारेनो ताटात बघत म्हणाला. "घरी कशी सांगायची?"

क्षणभर मला वाटलं, सुटला बिचारा. नझ्झारेनोलाही वाटलं असावं, कारण त्यानं हळूच नूडल्सकडं हात नेला.

"पत्र वाचायला दोन तास लागत नाहीत," झेलिंदा म्हणाली. "बदक खायला लागतात."

जेवून निघालो. दोनशे पावलांवर वाट वळली आणि पुढं जमीन संपल्यासारखी झाली. रस्ता वळणं घेत खाली नदीपर्यंत कोसळत होता, दोन्ही बाजूंनी सुरूची झाडं. नझ्झारेनो सगळ्यांच्या मागं रेंगाळत होता.

"हे कुठलं ठिकाण?" इंजिनिअरनं नकाशा बघत विचारलं. "इथं नाव लिहिलंय... लांडग्याचा चढ."

झेलिंदानं सायकल थांबवली. खाली बघितलं. मग वळून नवऱ्याकडं बघितलं.

"हा?"

"हा," नझ्झारेनो म्हणाला.

"हा तर उतार आहे."

"खालून बघितलं तर चढ आहे."

"तू रोज खालून यायचास?"

नझ्झारेनोनं टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. "नाही."

"पाय न मारता जायचास खाली?"

"ब्रेक दाबावे लागतात," तो म्हणाला. "हातांना फार त्रास होतो."

फाबिओला महापौर आहे, तिला असं हसणं शोभत नाही, पण ती सायकल टाकून गवतातच बसली. इंजिनिअर पाठमोरा होऊन डोंगराचे फोटो काढत होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी टेम्पोच्या स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

झेलिंदा हसली नाही. ती अगदी गंभीरपणे इंजिनिअरला म्हणाली, "साहेब, मार्ग दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे, हो ना? डोंगराकडून येणारे खालून वर येणार. मग ती बाजू कोण तपासणार?"

"तपासायला हवी खरी," इंजिनिअर म्हणाला. तो लाजाळू होता, पण मूर्ख नव्हता. "स्थानिक जाणकारानंच तपासली तर बरं."

आम्ही सगळे खाली नदीपर्यंत गेलो आणि तिथून नझ्झारेनो परत वर निघाला. दुपारचे अडीच. पोटात बदक. वर ऊन, खाली खडी. पहिल्या वळणापर्यंत तो बसून पाय मारत होता, दुसऱ्याला उभा राहून, तिसऱ्याला उतरून सायकल ढकलत. झेलिंदा त्याच्या बाजूनं बॅटरीवर, सरळ पाठीनं, गप्पा मारत. मी मागून टेम्पो पहिल्या गिअरमध्ये रेटत होते, एक शब्द सुटू दिला नाही.

"क्विन्तोला कोण पत्र लिहायचं?"

"सैन्यातला... मित्र..."

"आणि या दोघींचा भाऊ? परत आला का कधी?"

"नाही. शेवटची... तीन पत्रं..." नझ्झारेनो थांबला. सायकलीवर ओणवा होऊन धापा टाकू लागला. "शेवटची तीन पत्रं त्याच्या नावानं मीच लिहिली. भाऊ वारल्याचं तिकडून कळवलं होतं. ते वाचवलं नाही माझ्याच्यानं. पुढच्या वर्षी सांगितलं."

झेलिंदानं सायकल उभी केली. बाटली काढून त्याच्या हातात दिली. तो पीत असताना तिनं त्याची टोपी काढून टोपीनंच वारा घातला, फार वेळ नाही, चार-पाच वेळा. "त्यांना कळलं?"

"पाल्मिना म्हणाली, अक्षर तुझं आहे ते आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं. वाचता येत नाही म्हणून काय अक्षर ओळखता येत नाही का?"

झेलिंदानं बाटली परत घेऊन बूच लावलं. मग म्हणाली, "चल. अजून चार वळणं आहेत."

"टेम्पोत बसू दे ना."

"टेम्पोत जागा नाही," ती म्हणाली. मागं सगळी जागाच होती, पण मी तोंड उघडलं नाही.

वर पोचायला त्याला पन्नास मिनिटं लागली. इंजिनिअरनं वहीत लिहिलं, "चढ कठीण, दृश्य उत्तम, वरती पाणी उपलब्ध." नझ्झारेनो तुतीखाली आडवा पडला आणि देलियानं त्याच्या तोंडावर ओला फडका टाकला.

रस्ता त्यानं आखला तसाच मंजूर झाला. ग्वाल्तिएरो दोन महिने माझ्या बारमध्ये आला नाही आणि नंतर काही घडलंच नाही अशा थाटात आला. पुढच्या मे महिन्यात पाट्या लागल्या आणि उद्‍घाटनाला चाळीसेक सायकलवाले जमले. काही इथले, काही परदेशातले, चकचकीत कपड्यांतले. नझ्झारेनोला मान म्हणून सगळ्यांच्या पुढं उभं केलं. त्याच्या शेजारी झेलिंदा, नव्या हेल्मेटमध्ये.

फाबिओलानं फीत कापली. नदीजवळच्या फाट्यापर्यंत झेलिंदा पुढं निघून गेली होती; नझ्झारेनो मागून ओरडला, "डावीकडं! डावीकडं!" झेलिंदा उजवीकडं वळली. तिच्यामागं चाळीसच्या चाळीस सायकली उजवीकडं गेल्या. ती वाट नकाशात नाही, झेलिंदानं वर्षभर हिंडून शोधलेली. चिनारांखालून ती पाणवठ्यावर जाऊन संपते. तिथं मी आधीच टेम्पो लावून ठेवला होता, वाइन आणि चीज घेऊन, कारण तिनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. सगळे बूट काढून पाण्यात पाय सोडून बसले. एका परदेशी बाईनं मला खुणेनं विचारलं, ही जागा नकाशात का नाही?

नझ्झारेनो सगळ्यात शेवटी पोचला आणि आल्या आल्या म्हणाला, "हा रस्ता चुकीचा आहे."

"बस खाली," झेलिंदा म्हणाली. "पाव कापून दे सगळ्यांना."