मिसेस केर यांच्या कोटाचं बटण

त्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल माझं राहिलं नव्हतं. पद्माकरनं त्याच्या कडेला एक लोखंडी प्रेस आवळून बसवला होता. शेजारी इवलासा तराजू, पितळी काडतुसांचे डबे, आणि मी जिथे पोळ्या लाटायची तिथे तांबूस गोळ्यांची शिस्तीत रांग. जेवायचं कुठे, असं मी विचारलं तर म्हणाला, "सुप्रभा, जरा पाच मिनिटं शिंकू नकोस हं. पावडर उडेल."

हा माझा नवरा. ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात अॅनेस्थेटिस्ट. मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. मेडिकलला एकाच वर्गात होतो म्हणून आमचं अरे-तुरे, आणि सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. चहात साखर घालताना अर्धी ओट्यावर सांडणारा हा माणूस काडतुसात पावडर भरताना मात्र श्वास रोखायचा. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत थांबायचा, चिमटीनं एक कण काढायचा, पुन्हा बघायचा. मग गोळी वर ठेवून प्रेसचा दांडा असा अलगद खाली आणायचा की मला बघतच राहावंसं वाटे. अर्थात तसं मी त्याला कधी कळू दिलं नाही.

हे सगळं सुरू झालं मिसेस केर यांच्यामुळे. कॅम्पसीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी त्यांचं मेंढ्यांचं फार्म होतं. त्यांच्या कंबरेच्या ऑपरेशनला पद्माकरनं भूल दिली होती, तेव्हापासूनची ओळख. पुढे तो रायफल क्लबात जाऊ लागला, तर त्यांनी त्याला आपल्या टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत सरावाची परवानगी दिली. त्याआधीच्या वसंतात कोणा एका शिकाऱ्यानं त्यांच्या रानातल्या कोल्ह्यावर गोळी झाडली होती. ती नीट लागली नाही. मागचा पाय मोडला आणि कोल्हा तसाच जगला. तीन पायांवर ससा काही सापडत नाही, म्हणून तो नुकती जन्मलेली कोकरं उचलू लागला. मोडक्या पायाचा तो कोल्हा कुंपणाआड कसा ओरडत होता, हे सांगताना मिसेस केर यांच्यासारखी कणखर बाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"डॉक्टर, त्याला मारावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा जखमी केलेला मला चालणार नाही." मग आपल्या ट्वीडच्या कोटाचं एक बटण त्यांनी दातानं दोरा तोडून काढलं आणि पद्माकरच्या हातावर ठेवलं. "शंभर यार्डांवरून तीन गोळ्या या बटणाखाली झाकल्या गेल्या, तर कोल्हा मारायला टेकडी तुमची. लँबिंग, म्हणजे मेंढ्यांची वीण, सुरू होईपर्यंत जमलं नाही, तर मला त्या पहिल्या शिकाऱ्यालाच बोलवावं लागेल. दुसरं कोणी मिळत नाही."

पद्माकरनं ते बटण पाकिटात ठेवलं आणि सप्टेंबरात नवी रायफल घेतली. सत्त्याऐंशी साल होतं. जाड नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची, आणि मला शस्त्रांचा तिटकारा असला तरी खोटं कशाला बोलू, देखणी होती. लांबून, एकाच गोळीत, वेदनेविना काम व्हावं अशीच ती बनवलेली होती. दुकानदारानं सांगितलेलं त्यानं मला घरी येऊन करून दाखवलं. खिशातली एक पौंडाची स्कॉटिश नोट त्यानं नळी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत घातली आणि पुढच्या टोकापासून थेट मागेपर्यंत सरकवत नेली. नळी लाकडाला कुठेही टेकलेली नाही, याचा तो पुरावा. मी म्हटलं, "वा. आता ती नोट दे, दूध आणायचंय."

पण तयार काडतुसांवर त्याचा विश्वास नव्हता. प्रत्येक रायफलला आपली एक चव असते, ती ओळखून काडतुसं हातानं भरावी लागतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो प्रेस, तो तराजू, आणि माझं गेलेलं टेबल.

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दर शनिवारी तो खाणीत जायचा आणि चेहरा पाडून परत यायचा. पहिली गोळी निशाणावर, दुसरी वर, तिसरी भलतीकडे. बटण सोडा, बशीखालीही त्या झाकल्या जात नव्हत्या. त्यानं पावडर बदलली, गोळ्या बदलल्या, गोळी काडतुसात किती खोल बसवायची तेही बदलून पाहिलं. रायफलवरची नेम धरायची दुर्बीण दुसऱ्या रायफलवर लावून तपासली. काही म्हणता काही फरक नाही.

लँबिंगच्या तोंडावरच्या शनिवारी मीही त्याच्याबरोबर गेले. त्याला एकट्याला पाठवायला मन होईना. ओल्या गवतावर ताडपत्री टाकून तो पालथा पडला, रेतीच्या पिशवीवर रायफल टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. मी दुर्बिणीतून निशाणाचा कागद पाहिला. तेच. तो उठून बसला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाला, "माझे हातच गेले असतील गं. मी आज मिसेस केरना नाही म्हणून सांगतो. येऊ दे त्या माणसाला."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. "काडतुसं राहू देत बाजूला," मी म्हटलं. "पेशंट आला तर आपण पहिल्यापासून हिस्टरी घेतो ना? मग सांग. ही घरात आली त्या दिवसापासून सांग."

"हिस्टरी कसली? आणली, नोट फिरवून बघितली. नळी फ्री होती, तू होतीस की समोर."

"मग लगेच गोळी झाडलीस?"

"छे! खंडेनवमी आली होती ना. पूजेआधी नवं शस्त्र कसं वापरणार?"

मला ती पूजा आठवली. दिवाणखान्यातल्या कार्पेटवर पाट, पाटावर रायफल, तिच्या शेजारी माझा स्टेथोस्कोप, त्याचा भूल देतानाचा लॅरिंगोस्कोप आणि माझी विळी. झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती. आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता हा गृहस्थ लग्नात टाकतात तशा मूठमूठ उधळत होता. मी तेव्हा ओरडलेही होते, कारण पुढे आठवडाभर कार्पेटमधून तांदूळ निघत होते.

"पद्माकर," मी म्हटलं, "नोट काढ."

मग त्यानं पाकिटातून नोट काढली, फटीत घातली आणि सरकवू लागला. निम्म्यावर नोट अडली.

त्यानं खालचे दोन स्क्रू सैल केले आणि नळी लाकडातून उचलली. आत, अगदी तळाशी, एक तांबडा दाणा रुतून बसला होता. कुंकवाच्या ओलाव्यानं आणि स्कॉटलंडच्या दमट हवेनं तो फुगून तिथेच घट्ट झाला होता. प्रत्येक गोळीसरशी थरथरणारी, तापणारी ती भक्कम पोलादी नळी सहा महिने या एवढ्याशा दाण्यावर येऊन टेकत होती आणि गोळी शंभर यार्डांवर जाऊन भरकटत होती. त्यानं तो नखानं काढून माझ्या तळहातावर ठेवला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आपण नकळत गप्प होतो, तशी मी गप्प झाले.

त्यानं स्क्रू आवळले, नोट पुन्हा फिरवली, तो पालथा पडला. एक गोळी. नळी निवेपर्यंत थांबला. दुसरी. पुन्हा थांबला. तिसरी. मी दुर्बिणीत पाहिलं तर कागदावर एकच भोक दिसत होतं.

"दोन हुकल्या रे," मी म्हटलं.

चालत कागदापर्यंत गेलो. हुकलं काहीच नव्हतं. तीन पाकळ्यांचं एकच भोक होतं ते, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. त्यानं पाकिटातून बटण काढून त्यावर ठेवलं आणि भोक दिसेनासं झालं. माझ्या पोळपाटाच्या जागी बसून या माणसानं कणकण तोलून भरलेल्या त्या तीन काडतुसांतल्या गोळ्यांनी वाऱ्यातून, एवढ्या लांबून, एकमेकांची वाट अचूक धरली होती. माणसाच्या हातून इतकं नेमकं काही घडू शकतं, हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं. मी त्याचे हात हातात घेतले. थंडगार होते, पण कापत नव्हते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, उजाडता उजाडता, मिसेस केर, तो आणि मी दगडी कुंपणामागे बसलो होतो. समोरच्या उतारावर एक मेंढी आपल्या ओल्या कोकराला चाटत होती. कोल्हा ओढ्याकडून आला. तीन पायांवर उड्या मारत, मध्येच थांबून धापा टाकत. इतका खंगलेला जीव मी पाहिला नव्हता. तो कोकराकडे बघत उभा राहिला. पद्माकरनं श्वास सोडला, आणि आवाज माझ्या कानात घुमतोय तोवर कोल्हा जागच्या जागी खाली बसल्यासारखा आडवा झाला. मेंढीनं मान वर केली आणि ती पुन्हा चाटू लागली.

आम्ही तिथवर गेलो. पद्माकर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन बोटं कोल्ह्याच्या मांडीच्या आत ठेवली, थिएटरमध्ये पेशंटची नाडी बघतो तशीच. बराच वेळ ठेवली. मग हळूच म्हणाला, "काही कळलं नाही गं त्याला."

मिसेस केर यांनी मला विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. ऑपरेशन संपलं की वीस वर्षं तो मला हेच सांगत आला होता, कधी फोनवर, कधी जेवताना, आणि मी नुसतं हं म्हणून आमटी वाढायची. त्या सकाळी मी त्याचं इंग्रजी केलं, एकेक शब्द जपून.

मिसेस केर यांनी डोक्यावरची कॅप काढली. पद्माकरनं पाकिटातून बटण काढून त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी त्याची मूठ मिटली आणि तिच्यावर आपला हात ठेवला. त्यांच्या कोटाच्या त्या जागी अजून नुसता दोरा लोंबत होता.