पाच वितींच्या फळ्या

मेजर इबार्गुरेन यांना किपारा नदीवर येऊन बावीस दिवस झाले होते, आणि सार्जंट आन्सेल्मो चापारोला अकरा वर्षं. म्हणून निर्णय मेजरांचा होता. लष्करात हे असंच असतं.

साहेब लोक दोन वर्षांत बदलून जातात. जो एका जागी जास्त राहिला त्याची बढती हुकलीच म्हणून समजा. कधीकाळी राजधानीतल्या, बोगोतातल्या कुणा शहाण्याला वाटलं, की प्रत्येक नदीवर लष्कराचा एक आणि मुलकी खात्याचा एक असा माणूस दहा-बारा वर्षं मुरू द्यावा. त्याने तिथली नाती, भांडणं, सण, आजार सगळं जाणून घ्यावं आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या साहेबाच्या कानावर घालावं. योजना झकास होती. तीस जण निवडले गेले. बढतीची वेळ जवळ आली तसा एकेकाने पाय काढता घेतला. किपारावर दोघं उरली. लष्कराचा चापारो, डोंगरावरच्या थंड गावात बटाटे खाऊन वाढलेला. आणि मुलकी कचेरीची नीदिया रेन्तेरिया, याच नदीकाठी जन्मलेली, जिभेला हाड नसलेली. दोघांनी मिळून चौदा वह्या भरल्या होत्या. नवा साहेब आला की तो त्या वह्या हातात घेऊन वजन बघायचा, वा वा म्हणायचा आणि परत द्यायचा.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मेजरांनी चापारोला नकाशाच्या खोलीत बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर ड्रोनने दाखवलेलं चित्र होतं: नदीच्या वरच्या अंगाचं बोका गाव, आणि धक्क्याला लागलेल्या होड्या.

"एकतीस," मेजर म्हणाले. "काल सहा होत्या. नदी मी बंद केलीय, तरी वरच्या ओढ्यांतून येतायत. आणि हे वाचा. सकाळपासून त्यांच्या वॉकीटॉकीवर पकडलेलं बोलणं."

चापारोने कागद घेतला. 'ढोल घेऊन या.' 'बिचेचे दोन कॅन तरी हवेत.' बिचे म्हणजे तिथली उसाची हातभट्टी. 'पाच वितींच्या फळ्या, गुळगुळीत बघून आण.' 'पांढरा कागद मिळाला का?' आणि मध्येमध्ये पकडणाऱ्या शिपायाने लिहिलेलं होतं: हसणं. गाणं. हसणं.

"काणा आलाय तिथे," मेजर म्हणाले. काणा हा जंगलातल्या बंदूकवाल्यांचा म्होरक्या. दोन वर्षं त्याचा फक्त वास यायचा, माणूस दिसत नव्हता. "त्याचा सत्कार चाललाय. दारू, ढोल, व्यासपीठाला फळ्या. चार वाजता विमानं येतील. तुम्ही मला एवढंच सांगा, बायका-पोरं कुठल्या बाजूच्या घरांत असतात."

 चापारोने कागद पुन्हा वाचला.

"साहेब, हा सत्कार नाही. मूल गेलंय कुणाचं तरी."

"मूल गेलं म्हणून माणसं हसतात? ढोल वाजवतात?"

"इथे वाजवतात. सात वर्षांच्या आतलं मूल गेलं तर ते देवदूत होतं म्हणतात. रडलं तर त्याचे पंख भिजतात आणि ते वर जाऊ शकत नाही. म्हणून गाणी म्हणायची, खेळ खेळायचे, हसायचं. आईनेसुद्धा. मोठं माणूस गेलं असतं तर फळ्या आठ वितींच्या मागवल्या असत्या, आणि नऊ दिवसांच्या सुतकाला पुरेल एवढी कॉफी. इथे कॉफीचं नाव नाही. पांढरा कागद फुलांसाठी. सगळं चौथ्या वहीत आहे, साहेब."

मेजर पडद्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता. आधीच्या मेजरांच्या हातून काणा निसटला, म्हणून त्यांना कुठल्याशा कोठारावर टाकलं होतं. याही माणसाला बायकामुलं होती.

"सान रोकेच्या जत्रेच्या वेळीही तुम्ही असंच ठामपणे सांगितलं होतं ना, सार्जंट?"

पडद्याजवळ बसलेले दोन शिपाई खाली बघायला लागले. तीन वर्षांपूर्वी चापारो म्हणाला होता, 'जत्राच आहे, काही भीती नाही.' जत्राच होती. पण जत्रेच्या वाटेवर सुरुंग होता, आणि लेफ्टनंट ओव्हाये आता चाकाच्या खुर्चीत बसून घराण्याचं दुकान बघतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चापारो तर तेव्हापासून तोंडच उघडत नव्हता. पाच दिवसांपूर्वी याच खोलीत मेजरांनी विचारलं होतं, 'नदी बंद करतोय, कुणाची हरकत?' चापारोला माहीत होतं की हिवतापाचे दिवस आहेत. माहीत होतं की रक्त तपासायचं ठिकाण आणि गोळ्या खालच्या गावात आहेत. त्याने ओठ ओले केले आणि काही बोलला नाही.

आज तो बोलला.

"मी जातो. आत्ता. मोटरबोटीने चार तास. साडेतीनला तिथे पोचतो आणि चारच्या आत रेडिओवर सांगतो. माझं चुकलं असेल तर मी तिथेच असेन, साहेब. वेगळी शिक्षा द्यायची गरज पडणार नाही."

मेजरांनी घड्याळाकडे बघितलं. "चार वाजता तुमचा आवाज आला नाही, तर मी विमानं थांबवणार नाही. मला थांबवताच येणार नाहीत. कळलं?"

"कळलं."

धक्क्यावर नीदिया आधीच बोटीत बसलेली होती. कुणी सांगितलं तिला, देव जाणे. त्या तळावर भिंतींपेक्षा कान जास्त होते.

"उतर खाली," चापारो म्हणाला.

"का? बोट तुझ्या बापाची आहे? मुलकी खात्याचं पेट्रोल आहे ते. आणि तुझ्यासारखा बटाटेखाऊ एकटा हिरव्या डगल्यात वर गेला, तर काण्याची माणसं पहिल्या वळणावरच नेम धरतील. माझं तोंड बघून निदान कुणाची लेक ते विचारतील तरी."

"नीदिया, चार वाजता विमानं आहेत."

"ऐकलंय मी. मोटर चालू कर, कोंपाद्रे."

सगळी नदी त्याला कोंपाद्रे म्हणायची. बाप्तिस्म्याच्या दिवशी मुलाला जो हातांवर घेतो तो मुलाचा धर्मपिता, आणि मुलाच्या आईबापांचा कोंपाद्रे, म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा. चापारोने चार वर्षांपूर्वी एकाच मुलाला हातांवर घेतलं होतं, पण नावं पसरायला वेळ लागत नाही.

बोट वरच्या अंगाला निघाली. पाणी तपकिरी, दोन्ही काठांना झाडी, आणि झाडीत काय आहे ते दिसत नाही. प्रत्येक वळणावर चापारोची मान आपोआप आखडायची. काणा खरोखरच बोकात असला तर? मग विमानं बरोबर, मेजर बरोबर, आणि ही दोघं मूर्ख. पण मूल गेलेलं असेल, तर आज दोनशे माणसं वाचतात. मूल गेलेलंच असू दे, तो मनात म्हणाला. आणि मग ओठांनी म्हणायला लागला. देवा, मूलच गेलेलं असू दे. पवित्र माते, मूलच असू दे.

"काय पुटपुटतोयस?" नीदियाने विचारलं.

"काही नाही."

तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "पाच विती म्हणजे," ती हळूच म्हणाली, "पेटी पाचची, म्हणजे आतलं लेकरू साडेचार..."

"गप बस."

"नाही, मी आपलं..."

"नीदिया, गप बस म्हटलं ना!"

अकरा वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदा ओरडला. ती गप्प बसली, आणि तेच जास्त वाईट झालं. कारण बोकातलं घरन् घर त्याला पाठ होतं. कुणाकडे किती मुलं, कुणाचं केवढं. वहीत तक्ताच होता. मेजरांना पडद्यावर छपरं दिसत होती. चापारोला त्या छपरांखालची उंची दिसायला लागली. साडेचार वितींची मुलं गावात सात. मेनाबाईची जुळी. सुताराची मधली. शाळेशेजारच्या घरातला तो बोबडा. त्याने जबरदस्तीने मन तिथून ओढून काढलं आणि इंधनाच्या काट्याकडे बघत बसला. काही माहीत नसणाऱ्याला झोप तरी लागते.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी बोका दिसलं. आधी ढोल ऐकू आला. मग बायकांचं गाणं, एक म्हणते आणि बाकीच्या उचलून धरतात तसलं. होड्यांच्या पलीकडे माणसं उभी होती, पण त्यांच्या हातांत बंदुका नव्हत्या. कुणाच्या हातात मेणबत्त्यांचा जुडगा, कुणाच्या हातात केळीचा घड. एकाने त्याला ओळखलं आणि गर्दीत ओरडला, "आला! आला एकदाचा!"

चापारोच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की त्याला बोटीचा काठ धरावा लागला. मूलच होतं. त्याचं बरोबर होतं. काठावर पाय ठेवताना तो हसत होता, हे त्याला नंतर आयुष्यभर आठवत राहिलं.

मग माणसं बाजूला झाली, आणि एउफेमिया पुढे आली. त्याची कोमाद्रे, म्हणजे त्याने हातांवर घेतलेल्या मुलाची आई. पांढरा झगा, केसांत पांढऱ्या कागदाचं फूल, आणि तोंडावर हसू, खिळ्याने ठोकून बसवलेलं असावं तसं.

"किती उशीर, कोंपाद्रे," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय सुरू कसं करणार? काल सकाळपासून निरोप पाठवतोय. ला व्हुएल्ताच्या चौकीवर शिपायांनी निरोप्याला परत फिरवला."

तिच्या मागे शाळेशेजारच्या त्या घराचं दार होतं. दाराच्या खांबावर सहा आठवड्यांपूर्वी चापारोनेच कोयत्याने खूण केली होती, तिच्या येफरला तिथे उभं करून. 'पुढच्या वेळी इथपर्यंत यायचं,' असं म्हणून वर दुसरी खूणही करून ठेवली होती. खालच्या खुणेला टेकून पेटी उभी होती, पांढऱ्या कागदाने मढवलेली, झाकण अजून न लावलेली. चापारोने ती लांबी सकाळी कागदावर वाचली होती.

"ताप होता," एउफेमिया म्हणाली. आवाज हसराच. "तीन दिवस. बापाने होडीत घालून खाली न्यायला काढलं. चौकीवर म्हणाले, नदी बंद आहे, हुकूम आहे. त्याने तुझं नाव सांगितलं रे. म्हणाला, सार्जंट चापारोचा धर्मपुत्र आहे, त्याला विचारा. ते म्हणाले, सार्जंटने काही सांगितलेलं नाही."

चापारोने डोळे पुसायला हात वर नेला.  एउफेमियाने चटकन त्याचा दंड पकडला, नखं रुतेपर्यंत.

"नाही हं," ती त्याच्या कानात म्हणाली. "खबरदार. माझ्या लेकराचे पंख भिजवशील. मी दोन दिवस रडले नाही. तूही नाही रडायचं."

"आन्सेल्मो." नीदिया मागून ओरडत होती. "आन्सेल्मो, चारला आठ कमी!"

रेडिओ फक्त काठावरच्या मोकळ्या वाळूत लागायचा. तो तिथपर्यंत चालत गेला.  त्याने बटण दाबलं.

"बोकाहून सार्जंट चापारो. ऐकू येतंय?"

"बोला, सार्जंट." मेजरांचा आवाज ताणलेला होता. "तुम्ही दिसताय मला. काय आहे तिथे? काणा आहे?"

"नाही. मूल गेलंय, साहेब. मी म्हटलं तसंच."

खरखर. मग दूर कुणीतरी भराभर हुकूम दिल्याचा आवाज. मग मेजर पुन्हा, आणि आता त्यांचाही श्वास सुटलेला कळत होता. "विमानं परत फिरवली. शाब्बास, सार्जंट. खरंच शाब्बास. आज तुमच्या त्या वह्या कामाला आल्या."

चापारोने वळून खांबाजवळच्या पेटीकडे बघितलं.

"सार्जंट? अजून काही?"

"नदी उघडा, साहेब."

"त्यावर उद्या बैठकीत बोलू."

"आज. आत्ता. माझी हरकत आहे." त्याचा आवाज चढला. "पाच दिवसांपूर्वी विचारलं होतंत ना, कुणाची हरकत आहे का? माझी आहे. लिहून घ्या. हिवतापाचे दिवस आहेत, गोळ्या खाली आहेत. मला तेव्हाही माहीत होतं. लिहून घ्या, मला माहीत होतं!"

 मग मेजर म्हणाले, "उघडतो."

त्याने रेडिओ नीदियाच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते, पण तिने मान मागे टाकून ते आतल्या आत जिरवले. ती याच नदीची होती. अंगणात ढोल थांबला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. धर्मपित्याने आधी नाचायचं असतं, पेटी खांद्यावर घेऊन, त्याशिवाय कुणी पाय हलवत नाही. चौथ्या वहीत, सत्ताविसाव्या पानावर, त्याने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात हे लिहिलं होतं, आणि खाली रेघ मारली होती.

त्याने हिरवा डगला काढून वाळूत टाकला. तोवर येफरला आत निजवून झाकण लावलेलं होतं; तो खांबाजवळ गेला आणि पेटी उचलली. ती फार हलकी होती. वर ड्रोन अजून घरघरत होतं. मेजर कदाचित बघत असतील.

"हस, कोंपाद्रे," एउफेमिया म्हणाली.

तो हसला, आणि नाचायला लागला.